फाईल उघडत नाही म्हणून नोंदी गाळू नयेत

खरीप हंगाम संपून कीड सर्वेक्षणाच्या नोंदी एकत्र येऊ लागल्या की आपल्या अनेक संशोधन केंद्रांवर एक अडचण हमखास उद्भवते. तालुक्या-तालुक्यांतून आलेल्या स्प्रेडशीट एकमेकींस जोडल्या जातात, फाईलचा आकार वाढत जातो आणि एके दिवशी ती उघडेनाशी होते. चार गिगाबाइट रॅमचा संगणक दहा मिनिटे घरघरतो आणि मग ‘प्रोग्रॅम प्रतिसाद देत नाही’ अशी सूचना पडद्यावर येते. यावर जो उपाय सर्रास योजला जातो तोच या लेखाचा विषय आहे. जुने हंगाम काढून टाकले जातात, झाडनिहाय निरीक्षणांऐवजी गावाची सरासरी ठेवली जाते, गावाऐवजी तालुक्याची आणि तालुक्याऐवजी जिल्ह्याची. फाईल हलकी होते, अहवाल वेळेत जातो आणि त्या हंगामात सर्वेक्षकांनी चिखल तुडवून गोळा केलेला तपशील कायमचा नाहीसा होतो.

ही अडचण संगणकाची आहे असे आपण समजतो. माझ्या मते ती कीटकशास्त्राची आहे, कारण कोणता प्रश्न विचारता येईल आणि कोणता येणार नाही हे आता संशोधकाऐवजी यंत्राची मेमरी ठरवू लागली आहे.

सरासरीत काय हरवते

गुलाबी बोंडअळीचे उदाहरण घेऊ. कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री प्रति सापळा आठ किंवा त्याहून अधिक पतंग आढळल्यास उपाययोजना करावी, अशी शिफारस कपाशीसाठी केली जाते. समजा, एका सापळ्यात आठवड्याच्या सात रात्रींत अनुक्रमे १, ९, १०, ११, २, १ आणि ० असे पतंग सापडले. दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या रात्री मिळून पातळी स्पष्टपणे ओलांडली गेली. मात्र फाईल लहान करण्यासाठी आपण आठवड्याची सरासरी तेवढी ठेवली, तर ती ४.९ इतकीच येते. पुढे कोणीही ती नोंद पाहिली तर ‘पातळीच्या खाली’ असाच निष्कर्ष काढील. ‘सलग तीन रात्री’ ही अट तपासण्याचे साधनच आपण नष्ट केलेले असते.

दुसरा प्रकार सरासरींच्या सरासरीचा. एका तालुक्यात ४० शेते पाहिली आणि प्रति शेत सरासरी २ अळ्या मिळाल्या. शेजारच्या तालुक्यात ५ शेतेच पाहिली आणि सरासरी ११ आली. दोन्ही तालुक्यांच्या सरासरींची सरासरी ६.५ होते. प्रत्यक्षात ४५ शेतांत मिळून १३५ अळ्या, म्हणजे प्रति शेत ३. जिल्ह्याच्या तक्त्यात ६.५ छापले गेले तर फवारणीचा सल्ला कोणत्या दिशेने जाईल, हे सांगावयास नको.

तिसरा प्रकार शून्य आणि रिकामी जागा यांच्यातील भेदाचा. दहा सापळ्यांपैकी सहाच तपासले गेले आणि त्यांत एकूण ३६ पतंग मिळाले, तर प्रति सापळा सरासरी ६ आहे. न तपासलेल्या चार सापळ्यांच्या रिकाम्या चौकटींत कोणी नीटनेटकेपणासाठी शून्य भरले की तीच सरासरी ३.६ होते. ‘कीड नव्हती’ आणि ‘कोणी पाहिले नाही’ ही दोन अगदी वेगळी विधाने आहेत. एकदा एकत्रीकरण झाले की ती वेगळी काढता येत नाहीत.

याशिवाय कीटक शेतात समान विखुरलेले नसतात, ते पुंजक्यांनी असतात. तंबाखूवरील पाने खाणाऱ्या अळीची मादी अंड्यांचे पुंज घालते. म्हणून काही झाडांवर डझनावारी अळ्या आणि बाकी झाडे स्वच्छ, असे चित्र सुरुवातीला दिसते. किती झाडे पाहावीत हे या विखुरणीवरून ठरते आणि विखुरणी सरासरीतून कळत नाही, त्यासाठी प्रचरण लागते. म्हणजे झाडनिहाय आकडे गाळले की पुढील हंगामाच्या सर्वेक्षणाची आखणी करण्याचा आधारही जातो.

मर्यादा नेमकी कोठे आहे

प्रथम दोन वेगळ्या मर्यादा समजून घेतल्या पाहिजेत, कारण त्यांची सरमिसळ झाल्याने उपायही चुकतात. पहिली मर्यादा पत्रकाची आहे. एक्सेलच्या एका पत्रकात १०,४८,५७६ ओळी आणि १६,३८४ स्तंभ मावतात. जुन्या ‘एक्सएलएस’ स्वरूपात ही मर्यादा केवळ ६५,५३६ ओळी आणि २५६ स्तंभांची होती. संगणकात कितीही रॅम बसवली तरी हे आकडे बदलत नाहीत. त्याहून मोठी मजकूर फाईल एक्सेलमध्ये उघडल्यास ती पूर्ण उघडली नसल्याची सूचना येते. घाईत ती सूचना बंद केली आणि फाईल त्याच नावाने जतन केली की उरलेल्या ओळी गेल्याच.

याची किंमत किती असू शकते हे २०२० मध्ये इंग्लंडने पाहिले. कोविडच्या चाचण्यांचे निकाल गोळा करताना जुन्या ‘एक्सएलएस’ स्वरूपाचा वापर झाला. ओळींची मर्यादा भरल्यावर पुढील रुग्ण गळत राहिले आणि २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातील १५,८४१ बाधितांची नोंद दैनिक आकडेवारीत आलीच नाही. त्यांच्या संपर्कातील व्यक्तींचा शोधही तितका लांबला. कीड सर्वेक्षणात अशी गळती झाली तर वर्तमानपत्रांत बातमी येणार नाही. एखाद्या भागात प्रादुर्भाव नसल्याचे आपण कागदावर मान्य करू, एवढेच.

दुसरी मर्यादा मेमरीची. आपले नेहमीचे ‘एक्सएलएसएक्स’ हे स्वरूप म्हणजे प्रत्यक्षात दाबून बांधलेले गाठोडे असते. आत एक्सएमएल या खुणांच्या भाषेतील मजकूर असतो. डिस्कवर ५० मेगाबाइट दिसणारी फाईल उघडताना हे गाठोडे सुटते आणि प्रत्येक चौकटीची किंमत, तिचे स्वरूप, तिच्यातील सूत्र हे सारे मेमरीत मांडले जाते. पायथनमधून अशा फाईली वाचणाऱ्या ‘ओपनपायएक्सएल’ या संचाच्या माहितीपुस्तिकेतच म्हटले आहे की, नेहमीच्या पद्धतीने वाचल्यास मूळ फाईलच्या साधारण ५० पट मेमरी लागू शकते. ५० मेगाबाइटच्या फाईलला २.५ गिगाबाइट. फक्त वाचण्यासाठीची वेगळी पद्धत निवडली तर हा भार पुष्कळ कमी होतो. रॅम संपली की संगणक डिस्कचा काही भाग मेमरी म्हणून वापरू लागतो आणि डिस्क रॅमपेक्षा कितीतरी संथ असल्याने सारे काम गोगलगायीच्या गतीने चालते.

आता आपल्या कामाचा आकार पाहू. असे समजू की एका राज्यात ३०० तालुके, प्रत्येकी १० गावे, प्रत्येक गावात २ शेते, हंगामाचे २० आठवडे आणि प्रत्येक भेटीत २० झाडे. भेटी झाल्या १,२०,००० आणि झाडनिहाय ओळी २४,००,०००. एकाच पिकाच्या एकाच हंगामात पत्रकाची मर्यादा दुपटीहून अधिक ओलांडली गेली. प्रत्येक ओळीत १५ स्तंभ आणि प्रत्येक आकड्यास ८ बाइट धरले तर एका हंगामास सुमारे २८८ मेगाबाइट, दहा हंगामांस जवळजवळ २.९ गिगाबाइट. क्रमवारी लावताना किंवा दोन तक्ते जोडताना तात्पुरती आणखी एक प्रत लागते. चार गिगाबाइटचा संगणक येथेच हात टेकतो.

महाराष्ट्रातील वाचकांना ही गणना परकी वाटणार नाही. २००८ च्या खरिपात सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळ्यांचा मोठा उद्रेक झाला आणि त्यानंतर २००९-१० पासून ‘क्रॉपसॅप’ हा कीड-रोग सर्वेक्षण व सल्ला प्रकल्प उभा राहिला. गावपातळीवर निरीक्षण, ऑनलाइन नोंद आणि त्यावरून सल्ला अशी त्याची रचना. अन्य राज्यांतही तशी कामे झाली. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२४ मध्ये राष्ट्रीय कीड सर्वेक्षण प्रणालीही सुरू केली. नोंदी येत्या काळात वाढतच जाणार आहेत. त्या हाताळण्याची आपल्या केंद्रांची तयारी मात्र अजूनही एका पत्रकात सर्व काही मावले पाहिजे, या समजुतीवर उभी आहे.

संपूर्ण शेत आपण प्रयोगशाळेत आणत नाही

या समजुतीचे मला आश्चर्य वाटते, कारण आपली विद्याशाखा नेमके याच्या उलट शिकवते. शेतातील प्रत्येक झाड उपटून कोणी प्रयोगशाळेत आणत नाही. आपण नमुना घेतो, मोजतो, नोंद करतो आणि पुढच्या झाडाकडे वळतो. क्रमिक नमुना पद्धतीत तर प्रत्येक झाडानंतर एकूण बेरीज पाहून थांबायचे की पुढे जायचे ते ठरवतात. आधीची झाडे हातात धरून ठेवावी लागत नाहीत.

डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी भारतीय कृषी अनुसंधान परिषदेत १९४० च्या दशकात पीक कापणी प्रयोगांद्वारे उत्पादनाचा अंदाज घेण्याची यादृच्छिक नमुना पद्धत रुजवली, तेव्हा गणनयंत्रे हाताने फिरवावी लागत. त्या काळच्या सांख्यिकांना सर्व आकडे एकाच वेळी डोळ्यांसमोर ठेवण्याची चैन परवडणारी नव्हती. ते एका गावाचे कागद घेत, बेरीज आणि वर्गांची बेरीज काढत आणि कागद पुन्हा गठ्ठ्यात ठेवत. मोठी फाईल कमी मेमरीत हाताळण्याचे आजचे तंत्र याहून फारसे वेगळे नाही.

सरासरी काढण्यास सर्व ओळी मेमरीत असण्याची गरज नसते. संख्या आणि बेरीज एवढ्या दोन गोष्टी पुढे नेल्या की पुरते. प्रचरणासाठी वर्गांची बेरीज तिसरी. फाईल एक लाख ओळींच्या तुकड्यांत वाचावी, प्रत्येक तुकड्याची ही तीन मूल्ये आधीच्या मूल्यांत मिळवावीत आणि तुकडा सोडून द्यावा. मध्यकासारखी मापे अशी सरळ जोडता येत नाहीत, हे खरे. पण आपल्या मोजण्या बहुधा लहान पूर्णांक असतात. प्रति झाड ०, १, २ अशा अळ्या. त्यामुळे ‘किती झाडांवर किती अळ्या’ असा वारंवारता तक्ता जोपासला तर मध्यक, शतमके आणि विखुरणी हे सर्व त्यातून अचूक मिळते आणि तो तक्ता काही ओळींचाच असतो.

सारांश ठेवायचाच असेल तर तोही विचारपूर्वक ठेवावा. वर गृहीत धरलेल्या २४ लाख ओळींमधून प्रत्येक शेतभेटीसाठी पाहिलेली झाडे, अळ्यांची बेरीज, वर्गांची बेरीज आणि सर्वाधिक संख्या असे चार स्तंभ काढले तर १,२०,००० ओळी उरतात. त्या कोणत्याही जुन्या संगणकावरील एक्सेलमध्ये सुखाने उघडतात आणि जिल्ह्याची भारित सरासरीही त्यांतून बिनचूक निघते. मूळ झाडनिहाय फाईल मात्र जशीच्या तशी जतन झाली पाहिजे. सारांश हा कामासाठी काढलेला उतारा आहे. मूळ दस्तऐवजाची जागा त्याला देऊ नये.

साधने हाताशी आहेत

यासाठी महागडे सॉफ्टवेअर लागत नाही. पहिली पायरी म्हणजे दीर्घकालीन नोंदी स्वल्पविरामांनी विभागलेल्या साध्या मजकूर स्वरूपात, म्हणजे सीएसव्हीत ठेवणे. हे स्वरूप ओळीमागून ओळ वाचता येते आणि वीस वर्षांनंतरही ते वाचता येईल. गावांची नावे देवनागरीत असतील तर जतन करताना ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हाच पर्याय निवडावा. साध्या पर्यायाने देवनागरी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे उमटतात आणि ती परत फिरवता येत नाहीत.

दुसरी पायरी एसक्यूलाइटची. रिचर्ड हिप यांनी २००० मध्ये तयार केलेली ही विनामूल्य प्रणाली संपूर्ण माहितीसाठा एकाच फाईलमध्ये ठेवते. सर्व्हर लागत नाही. आपल्या खिशातील अँड्रॉइड फोनही तीच वापरतो. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने विदासंचांच्या जतनासाठी पसंत केलेल्या स्वरूपांत तिचा समावेश आहे. दहा हंगामांच्या नोंदी एसक्यूलाइटमध्ये भरल्या की ‘अमुक तालुक्यातील ३४ व्या हवामान सप्ताहातील बोंडअळीच्या नोंदी दाखवा’ असे विचारता येते आणि तेवढ्याच ओळी मेमरीत येतात. तालुका व सप्ताह या स्तंभांवर सूची तयार केली असेल, तर पुस्तकाच्या शेवटच्या सूचीप्रमाणे हवे ते पान थेट सापडते.

आर किंवा पायथन वापरणाऱ्यांसाठी मार्ग आणखी सोपा आहे. आवश्यक तेवढेच स्तंभ वाचावेत. ‘डेटा टेबल’ या आर-संचात आणि ‘पांडाज’ या पायथन-संचात ती सोय आहे. पांडाजमध्ये तुकड्या-तुकड्यांनीही वाचता येते. स्तंभाचा प्रकार आधी सांगावा. तालुक्याचे नाव २४ लाख वेळा अक्षरांत साठवण्याऐवजी त्यास वर्गीय स्तंभ केले की नाव एकदाच साठते आणि ओळींत एक-दोन बाइटचा संकेतांक राहतो. अळ्यांच्या संख्येलाही दोन बाइट पुरतात. पंधरा स्तंभांचा सरासरी भार आठ बाइटवरून दोन बाइटवर आला तर वरील २८८ मेगाबाइटचे ७२ होतात आणि दहा हंगाम ७२० मेगाबाइटमध्ये बसतात. संगणक तोच, नोंदीही त्याच.

ज्यांना एक्सेल सोडवत नाही, त्यांच्यासाठीही वाट आहे. त्यातील ‘पॉवर क्वेरी’ आणि ‘डेटा मॉडेल’ वापरून पत्रकाच्या ओळींच्या मर्यादेपलीकडील फाईलचा सारांश काढता येतो. नेहमीच्या फाईली फुगण्याची कारणेही बहुधा साधी असतात. संपूर्ण स्तंभाला दिलेले रंग व चौकटी, लाखभर ओळींत ओढलेली शोधसूत्रे आणि चौकटींत चिकटवलेली किडींची छायाचित्रे. सूत्रांचे काम झाल्यावर त्यांच्या जागी केवळ मूल्ये चिकटवावीत. छायाचित्रे वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवून पत्रकात त्यांचे नाव लिहावे. एवढ्यानेही अनेक फाईली पुन्हा चालू लागतात.

रचनेचा प्रश्न

साधनांपेक्षा महत्त्वाची गोष्ट रचनेची आहे. आपल्याकडे प्रत्येक आठवड्याला नवा स्तंभ आणि प्रत्येक तालुक्याला नवे पत्रक अशी पद्धत रूढ आहे. छापील तक्त्यास ती शोभते. विश्लेषणास ती मारक ठरते, कारण आठवडा हा शोधता येण्याजोगा स्तंभ न राहता मथळा होऊन बसतो. हॅडली विकहॅम यांनी २०१४ मध्ये मांडलेले तत्त्व साधे आहे. प्रत्येक निरीक्षणास एक ओळ आणि प्रत्येक गुणधर्मास एक स्तंभ. अशी फाईल लांबलचक दिसते, पण तुकड्यांत वाचता येते, जोडता येते आणि गाळता येते.

या लांब फाईलमध्ये गावाची ओळख नावावर सोडू नये. एकाच गावाचे नाव चार सर्वेक्षक चार प्रकारे लिहितात. पंचायत राज मंत्रालयाच्या स्थानिक शासन निर्देशिकेतील संकेतांक सर्व देशाला लागू आहेत. ते वापरले तर महाराष्ट्राच्या नोंदी तेलंगण किंवा मध्य प्रदेशाच्या नोंदींशी सीमेवरच जोडता येतील. किडी राज्यांच्या सीमा मानत नाहीत. अमेरिकन लष्करी अळी २०१८ मध्ये प्रथम कर्नाटकात नोंदली गेली आणि पाहता पाहता देशभरच्या मक्यावर पसरली. अशा वेळी दोन राज्यांच्या फाईली एकमेकींशी बोलू शकत नसतील तर प्रसाराचा नकाशा आपण नेहमी उशिराच काढणार.

स्प्रेडशीटच्या आणखी एका सवयीकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. ती न विचारता तारखा बनवते. गट क्रमांक ५/३ टंकित केला की ५ मार्च होतो. १५/१३ ची तारीख होत नाही, म्हणून तो मजकूरच राहतो. परिणामी एकाच स्तंभात अर्धे गट क्रमांक तारखा होऊन बसतात. ‘२-३ अळ्या’ अशी नोंद करण्याच्या उद्देशाने २-३ लिहिले तरी तेच. जनुकशास्त्रात हा घोळ इतका वाढला की, २०१६ मधील एका अभ्यासात एक्सेलमध्ये जनुकांच्या याद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे एक पंचमांशांत नावे तारखांत रूपांतरित झालेली आढळली आणि २०२० मध्ये काही मानवी जनुकांची नावेच बदलण्यात आली. आपल्याला गट क्रमांक बदलता येणार नाहीत. ते स्तंभ नोंदणीपूर्वीच मजकूर म्हणून निश्चित करणे मात्र शक्य आहे. तारखाही वर्ष-महिना-दिवस अशा एकाच क्रमाने लिहाव्यात.

काही आक्षेप

यावर तीन आक्षेप अपेक्षित आहेत. पहिला म्हणजे, नवा संगणक घ्यावा, प्रश्न मिटेल. अधिक रॅम मिळत असेल तर अवश्य घ्यावी. पण पत्रकाची मर्यादा तिने हटत नाही आणि नोंदी संगणकाच्या खरेदीप्रक्रियेपेक्षा वेगाने वाढतात. शिवाय दूरच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा उपकेंद्रावर तोच जुना संगणक असतो. ज्या पद्धतीने तेथे काम होऊ शकते तीच पद्धत आपली मानली पाहिजे.

दुसरा आक्षेप असा की, हे काम संगणकतज्ज्ञांचे आहे, कीटकशास्त्रज्ञाने त्यात का पडावे? रिकामी चौकट शून्य मानावी की नाही, दोन आठवड्यांच्या खंडाचा अर्थ काय, एका दिवशी अचानक वाढलेली संख्या खरा उद्रेक आहे की टंकनदोष, हे प्रश्न संगणकतज्ज्ञ सोडवू शकत नाही. सूक्ष्मदर्शक दुरुस्त करता येत नसला तरी तो वापरता येणे आपण पदव्युत्तर विद्यार्थ्याकडून अपेक्षितोच. नोंदींच्या हाताळणीची अपेक्षा त्याहून वेगळी नसावी.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. सर्वेक्षकांना, तांत्रिक सहायकांना एक्सेल येते. नवी साधने लादल्यास नोंदीच बंद पडतील. हा आक्षेप मला मान्य आहे. नोंद भरण्यासाठी स्प्रेडशीट उत्तम साधन आहे आणि ते काढून घेण्याचे कारण नाही. माझे म्हणणे साठवण व विश्लेषण यांपुरते आहे. भरणे पत्रकात व्हावे, साठवण साध्या मजकुरात किंवा एसक्यूलाइटमध्ये व्हावी आणि विश्लेषण लिहून ठेवलेल्या आज्ञावलीने व्हावे. आज्ञावली लिहिलेली असली की पुढील वर्षी तेच काम दुसरी व्यक्तीही करू शकते. कंत्राटी सहायक बदलला की सारे ज्ञान त्याच्याबरोबर जाते, ही आपल्या प्रकल्पांची नित्याची रड त्यामुळे काही अंशी थांबेल.

संस्थांकडून अपेक्षा

व्यक्तिगत शिस्तीवर हा प्रश्न सुटणार नाही. प्रत्येक सर्वेक्षण प्रकल्पाच्या प्रस्तावात नोंदी कोणत्या स्वरूपात, कोणाकडे व किती काळ राहतील याचा एक परिच्छेद अनिवार्य असावा. मोबाइल अॅप तयार करून घेताना करारातच सर्व मूळ नोंदी साध्या मजकूर स्वरूपात मिळण्याची अट असावी. अन्यथा कंत्राट संपताच नोंदी परक्या सर्व्हरवर अडकतात. राष्ट्रीय विदा सामायिकीकरण व सुलभता धोरण २०१२ मध्येच जाहीर झाले आहे. त्याच्या अपेक्षा केंद्रांच्या दैनंदिन कामात उतरल्या पाहिजेत. प्रशिक्षण फार मोठे लागणार नाही. तुकड्यांत वाचन, स्तंभांचे प्रकार, एसक्यूलाइटची दहा-बारा वाक्ये आणि लांब स्वरूपातील रचना हे दोन दिवसांत शिकवता येते. पदव्युत्तर प्रबंधासोबत मूळ नोंदी व आज्ञावली जमा करण्याचा नियम केला, तर पुढील पिढी या सवयीनेच घडेल.

इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड येथे शोषण सापळ्यांतील कीटकांच्या नोंदी १९६४ पासून सलग ठेवल्या जात आहेत. आज हवामानबदलाचा माव्यांच्या उड्डाणकाळावर होणारा परिणाम त्यांतूनच अभ्यासला जातो. भारतात भातावरील तपकिरी तुडतुड्यांच्या, कपाशीवरील पांढऱ्या माशीच्या, हरभऱ्यावरील घाटेअळीच्या सापळ्यांतील नोंदी अनेक केंद्रांवर पडून आहेत. त्यांतील काही जुन्या संगणकांत, काही उघडत नसलेल्या फाईलींत आणि काही वहीतच आहेत. येत्या हंगामाची पेरणी होण्यापूर्वी प्रत्येक केंद्राने अशी एक तरी फाईल निवडावी, तिची मूळ प्रत सुरक्षित ठेवावी आणि ती लांब, साध्या स्वरूपात उतरवून काढावी. एका सहायकाचे आठवडाभराचे हे काम आहे. त्यासाठी नवी तरतूद लागत नाही आणि आहे त्याच संगणकावर ते करता येते.